वीस लाखांच्या बोलीमागचे गणित

भिलाई : इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात कोट्यवधींच्या बोलींचे मथळे होतात. लिलाव संपत आला असताना मूळ किमतीत घेतलेल्या खेळाडूचे पुढे काय होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत झालेल्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने मिचेल स्टार्कसाठी २४ कोटी ७५ लाख रुपये मोजले. त्याच दिवशी भिलाईत जन्मलेला शशांक सिंग पंजाब किंग्जकडे अवघ्या २० लाखांत गेला. स्टार्कच्या किमतीत असे १२३ खेळाडू आले असते.

या खरेदीलाही गोंधळाची किनार होती. हातोडा पडल्यानंतर आपण नेमका हवा तोच खेळाडू घेतला का, याविषयी पंजाबच्या टेबलावर संभ्रम दिसला. बोली पूर्ण झाल्याने लिलावकर्त्या मल्लिका सागर यांनी व्यवहार कायम ठेवला. यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू असल्याने घोळ झाला. योग्य खेळाडूच संघात आला आहे, असा खुलासा पंजाबने नंतर केला.

किंमत कमी का?

लिलावाच्या पूर्वार्धात नामांकित खेळाडू येतात. उत्तरार्धात संघांनी मागितलेली नावे वेगाने पुकारली जातात. तोवर बहुतेक संघांची रक्कम संपत आलेली असते आणि थोड्याच जागा उरतात. त्यामुळे तेथील किंमत ही खेळाडूच्या गुणवत्तेइतकीच संघांच्या उरलेल्या गरजेची आणि त्याच्याविषयी असलेल्या अपुऱ्या माहितीची निदर्शक असते.

शशांकविषयीची माहिती उत्साह वाढवणारी नव्हती. तेव्हा त्याचे वय ३२ होते. मुंबईकडून तो २०१५ मध्ये ट्वेंटी-२० आणि एकदिवसीय सामने खेळला. पण मुंबईच्या गर्दीत त्याला रणजी पदार्पण करता आले नाही. ती संधी छत्तीसगडने डिसेंबर २०१९ मध्ये दिली. छत्तीसगडला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्वच २०१६ मध्ये मिळाले होते. दिल्ली आणि राजस्थान या संघांत निवड होऊनही त्याला मैदानात उतरता आले नाही. सनरायझर्स हैदराबादकडून २०२२ मध्ये त्याने १० सामन्यांत ६९ धावा केल्या. २०२३ च्या हंगामात तो कोणत्याही संघात नव्हता.

आकड्यांपलीकडील खुणा

तरीही बारकाईने पाहणाऱ्यास काही खुणा दिसत होत्या. गुजरात टायटन्सविरुद्ध २०२२ मध्ये त्याने सहा चेंडूंत नाबाद २५ धावा करताना लॉकी फर्ग्युसनला लागोपाठ तीन षटकार मारले होते. लिलावाच्या काही आठवडे आधी विजय हजारे करंडकात मणिपूरविरुद्ध त्याने दीडशेहून अधिक धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या कामगिरीचे वजन कमीच धरावे लागते. परंतु वेगवान गोलंदाजाला अखेरच्या षटकात फटकावण्याची क्षमता ही आयपीएलमध्ये थेट उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

धावांची सरासरी पाहून सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाचे मोजमाप होत नाही. त्याला खेळायला मोजके चेंडू मिळतात. त्या चेंडूंवर तो काय करतो आणि संघात ती जागा रिकामी आहे का, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

संधी आणि संयम

तिसरा प्रश्न संघाच्या संयमाचा. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात शशांक शून्यावर बाद झाला. महागड्या खेळाडूचे असे अपयश पोटात घातले जाते. वीस लाखांच्या खेळाडूला अनेकदा राखीव बाकावर बसावे लागते. पंजाबने त्याला वगळले नाही. ४ एप्रिलला अहमदाबादेत २०० धावांचा पाठलाग करताना त्याने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून सामना जिंकून दिला. २६ एप्रिलला कोलकात्यात पंजाबने २६२ धावांचे विक्रमी लक्ष्य गाठले, तेव्हा तो २८ चेंडूंत ६८ धावांवर नाबाद होता. हंगामात त्याच्या ३५४ धावा झाल्या. पुढील मोठ्या लिलावापूर्वी पंजाबने कायम ठेवलेल्या दोनच खेळाडूंपैकी तो एक होता. किंमत साडेपाच कोटी रुपये. ३ जून २०२५ च्या अंतिम सामन्यातही तो ३० चेंडूंत ६१ धावांवर नाबाद राहिला, मात्र पंजाबला बंगळूरूविरुद्ध सहा धावा कमी पडल्या.

नाण्याची दुसरी बाजू

भिलाईला लागूनच असलेल्या दुर्गच्या हरप्रीत सिंग भाटियाची कथा वेगळी आहे. पुणे वॉरियर्सकडून २०१२ मध्ये खेळलेल्या या फलंदाजाने २०१७ च्या लिलावापूर्वी मुश्ताक अली स्पर्धेत भरपूर धावा केल्या होत्या. पण लिलावाच्या दिवशीच नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या खेळाडूच्या अटकेच्या बातमीत चुकून त्याचे नाव आले. लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही. चुकीची दुरुस्ती झाली, तोवर लिलाव उरकला होता. पुढे पंजाबने ४० लाखांत घेतल्यावर एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळानंतर, तो पुन्हा आयपीएलमध्ये दिसला. वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याने २८ चेंडूंत ४१ धावा केल्या. नावाच्या गोंधळाने एकाची वाट अडवली, दुसऱ्याची मात्र अडवता अडवता राहिली.

हा प्रश्न क्रिकेटपुरता मर्यादित नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ सात फेऱ्यांत नवोदितांची निवड करतात. रिचर्ड शर्मन हा कॉर्नरबॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला रोखणारा बचावपटू. महाविद्यालयात आधी तो स्वतःच चेंडू झेलणाऱ्यांच्या जागी खेळत असे; बचावाकडे नंतर वळला. २०११ मध्ये सिअ‍ॅटलने त्याला पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर निवडले. तीन हंगामांत तो लीगमधील अव्वल बचावपटूंत गणला गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला.

शशांक वा शर्मन हे अपवाद आहेत, हे विसरता येणार नाही. उशिरा निवडलेले बहुतेक खेळाडू फारसे खेळण्याआधीच संघाबाहेर जातात. मात्र या अपवादांतून एक गोष्ट स्पष्ट होते. उशिरा लागलेली बोली खेळाडूची मर्यादा सांगत नाही. संघांनी त्याला किती पाहिले आहे, एवढेच सांगते. छत्तीसगडसारख्या नव्या क्रिकेट राज्यातील खेळाडूंना तर पाहणारे डोळेच मुळात कमी असतात. म्हणून त्यांच्यासाठी बोलीच्या रकमेपेक्षा पहिल्या अपयशानंतर मिळणारा दुसरा सामना अधिक मोलाचा ठरतो.