जुना फोटो पिवळा का पडतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरात भिंतीवर दोन कृष्णधवल फोटो शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकाच काळातले. पण एकातले आजोबा अजून स्पष्ट, तर दुसऱ्यातली आजी पिवळसर, पुसट. घरात तिचा दुसरा फोटोही नसतो. हा फरक बऱ्याचदा फोटो डार्करूममध्ये तयार झाला त्याच दिवशी ठरलेला असतो.

कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे शाई नव्हे, तर चांदीचे बारीक कण. कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. त्यांच्यावर निळ्या-हिरव्या प्रकाशाचा परिणाम होतो, लाल प्रकाशाचा होत नाही. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. निगेटिव्हमधून प्रकाश पडला की डेव्हलपरमध्ये त्या जागच्या क्षारांची चांदी होते आणि चित्र उमटते. उरलेले क्षार ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट विरघळवते. हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता.

खरी मेख पुढे आहे. हायपो कागदात राहिला, तर त्यातले गंधक हळूहळू चांदीशी संयोग पावते आणि पिवळट-तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होते. चांदीचे पैंजण काळे पडतात, तेही याच संयुगामुळे. म्हणूनच जुन्या जाड कागदावरचा फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागे.

मराठवाड्यात अडचण इथेच येते. डेव्हलपरसाठी साधारण २० अंश सेल्सिअस तापमान योग्य. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांपुढे जातो. गरम पाण्यात जिलेटिन मऊ पडते आणि थर सुटू लागतो. यावर बर्फाच्या पाण्यात ट्रे ठेवण्याचा उपाय होता. पण टंचाईत तासभर पाणी सोडणार कुठून? धुण्यात कसर राहिली, तर ती काही वर्षांनी फोटोवर दिसते. वाहते पाणी नसेल, तर ट्रेमधले पाणी पुनःपुन्हा बदलणे हा पर्याय असतो.

घरातले फोटो वाचवायचे, तर ऊन आणि ओल टाळावी. ओल्या भिंतीवर फ्रेम टांगू नये, फोटो ओल्या फडक्याने पुसू नये, चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेवरूनच स्कॅन करावा.

निगेटिव्ह तर मुळीच टाकू नये. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, हिंगोली तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही जपलेल्या आहेत. निगेटिव्ह शाबूत असेल, तर भिंतीवर पुसट झालेल्या आजीचा नवा, स्वच्छ फोटो आजही काढता येतो.