लाकडाचा देखावा आणि त्याची डागडुजी

स्टेशन वॅगन म्हणजे छत सरळ मागपर्यंत नेऊन मागचा भाग सामानासाठी मोकळा ठेवलेली मोटार. फोर्डने १९२९ मध्ये कारखान्यातच बांधलेली लाकडी वॅगन बाजारात आणली आणि १९४९ मध्ये प्लिमथच्या संपूर्ण पोलादी ‘सबर्बन’ने लाकडाची गरज संपवली; तरीही गिऱ्हाइकाला लाकूड दिसायला हवेच होते, म्हणून फोर्डच्या ‘कंट्री स्क्वायर’च्या पोलादी अंगावर १९५२ पासून लाकडाच्या रेषा छापलेला पातळ थर चढू लागला आणि ही हौस १९९१ पर्यंत टिकली. त्याच प्लिमथच्या मोटारींची जुळणी १९४७ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होत असल्याने मुंबईच्या उपनगरांना हे घराणे अगदीच परके नव्हते.

खरे लाकूड खराब झाले तर रंधा मारता येतो, जोड देता येतो, पुन्हा पॉलिश करता येते. नकली लाकडाला ही सवलत नाही, कारण त्याची सारी शोभा मिलिमीटरहूनही कितीतरी पातळ अशा विनाइल फिल्ममध्ये असते आणि पॉलिश पेपरचा एक हातसुद्धा ती नक्षी कायमची पुसून टाकतो. उन्हाने तिचा रंग विटतो, तिला लवचीक ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जाऊन ती कडक होते व तडकते. या फिल्मभोवतीची फिकट, लाकडी चौकटीसारखी दिसणारी पट्टी बहुधा फायबरग्लासची असते आणि ती बसवण्यासाठी पत्र्याला पाडलेल्या भोकांतून पाणी आत शिरते. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या अंधेरी-बोरिवलीत गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

अशा वेळी सागवानाचे पातळ तक्ते लावून गाडी ‘अस्सल’ करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो सपशेल चुकीचा मानावा लागेल, कारण पोलादावर लाकडाचा भास निर्माण करणे हीच त्या काळाची कारागिरी होती आणि तिच्या जागी खरे लाकूड बसवले तर जतन होते ते दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचे. घराघरांत लाकडी छापाच्या सनमाइकाची कपाटे वापरणाऱ्यांना हे पटायला जड जाऊ नये.

जुनी फिल्म हीट गनने ऊब देत, प्लास्टिकच्या पात्याने सावकाश सोलतात. उरलेला गोंद थिनरने काढून, खड्डे भरून, घासून पत्र्याला प्रायमर व रंग देतात, कारण खालचा बारीक कणही वर उठून दिसतो. नवी फिल्म साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या पत्र्यावर मांडून रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी व हवा बाहेर सारतात. गाडीवर अक्षरे चिकटवणाऱ्या रेडियमवाल्यांचा हात या कामात आधीच बसलेला असतो. मात्र पुढच्या दारावरची रेषा मागच्या दारावर सलग जायला हवी असेल, तर दोन्ही तुकडे एकाच गुंडाळीतून, लागोपाठ आणि एकाच दिशेने कापावे लागतात; ही बाब दुर्लक्षिली की उरलेली सगळी मेहनत लांबूनच फसलेली दिसते.

मूळ नक्षीची फिल्म मिळेनाशी झाली की रंगाऱ्याची जुनी विद्या उपयोगी पडते. दारे-खिडक्यांवर स्वस्त लाकडाचा साग करून दाखवणारे रंगारी आधी पिवळसर अस्तर देतात, ते वाळले की वर गडद तपकिरी, पातळ रंग फिरवतात आणि तो ओला असतानाच कंगव्यासारख्या दातेरी साधनाने रेषा ओढतात, गाठी उमटवतात, मग वॉर्निशने सारे झाकतात. हात जरा जरी थांबला तरी रेषेत ठिगळ दिसते. शिवाय मूळ फिल्मवरची नक्षी ठरावीक अंतरावर तीच ती येते, तर हातची कधीच तशी येत नाही. त्यामुळे चांगला रंगारी मूळ छापाहून अधिक लाकडासारखे काम करून बसतो, ही या दुरुस्तीतली मोठी गंमत म्हणावी लागेल.

चौकटीच्या पट्ट्या सगळ्यांत शेवटी चढतात. त्याआधी प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक रंग आणि क्लिपखाली सीलंट लावावे लागते, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर फिल्म तिथे फुगते आणि काम पुन्हा पत्र्यापासून सुरू करावे लागते.