मुसाफिरानं उतरावं कुठे?

मुंबईचा प्रवास ठरला, की लासूर स्टेशनच्या घराघरांत तिकिटाच्याही आधी एक प्रश्न निघतो, ‘उतरायचं कुठे?’ एरवी त्याचं उत्तर सोपं असतं. कुणाचे मामू कुर्ल्याला असतात, कुणाची आत्या मुंब्र्याला. पण महिना रमजानचा असेल आणि हातात परळच्या टाटा रुग्णालयाची तारीख असेल, तर तेच उत्तर अवघड होऊन बसतं.

समजा, घरातल्या अम्मींना तपासणीला न्यायचं आहे. सोबत मुलगा आणि सून. दोघांचेही रोजे. मुलाच्या मनात मोहम्मद अली रोड आहे. सीएसएमटीवरून पायी जाण्याजोगं अंतर. मिनारा मशिदीभोवती रात्रभर दिवे, मालपुवा, फिरनी, नल्ली-निहारी. पहाटे सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणासाठी, चूल पेटवायची गरज नाही. तरावीहच्या नमाजला मशीद दारातच. याच भागात क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाने आहेत. लोक बोटीनं हजला जात, त्या काळात यात्रेकरू इथे मुक्काम करत. रमजानची रौनक पाहायला किंवा ईदची खरेदी करायला निघालेल्यानं इथेच उतरावं. त्याला यापेक्षा चांगला मोहल्ला मुंबईत सापडणार नाही.

अम्मींसाठी मात्र हा मोहल्ला चुकीचा. इफ्तारनंतर त्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते, टॅक्सी आत येत नाही आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही. उपचारांनी अंगातली ताकद कमी झालेल्या माणसाला तर गर्दीपासून जपायचं असतं.

मग कुर्ला किंवा मुंब्रा? घर आपलं, माणसं आपली, सहरी हातात. अडचण लोकलची आहे. सकाळची सगळी गर्दी सीएसएमटीच्या दिशेनं वाहते आणि कुर्ल्याहून, मुंब्र्याहून परळला जाणारा माणूस त्याच लोंढ्यात सापडतो. उलट मशीद बंदरहून परळला जाताना सकाळची गाडी त्या मानानं मोकळी मिळते. चारच स्थानकं मध्ये लागतात, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड आणि मग परळ. नातं जवळचं असलं, तरी रुग्णाला रोज गर्दीतून नेणं परवडत नाही.

राहता राहिलं परळ-दादर. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे आणि त्याच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राहण्याच्या सोयी हळूहळू उभ्या राहिल्या. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. स्वतः बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी झोपडीही उभारली नाही. दादरच्या या धर्मशाळेत आज सर्व जातिधर्मांचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. अशा जागांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी करावी. आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच विचारून घ्यावी. उपचार परळला होणार की नवी मुंबईत खारघरला? टाटाचं दुसरं केंद्र तिथे आहे. परळला खोली घेतली आणि तारीख खारघरची निघाली, तर सगळा हिशेब कोलमडतो.

परळला सहरीला गरम निहारी मिळणार नाही. म्हणून काय झालं? दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खजूर पिशवीत असले, की लासूरचा माणूस दोन दिवस सहज काढतो. घड्याळाकडे मात्र लक्ष हवं. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्यानं तिथे सूर्य आठ-नऊ मिनिटं उशिरा मावळतो. खिशात गावचं वेळापत्रक ठेवून इफ्तार केला, तर दिवसभराचा रोजा शेवटच्या घटकेला हातचा जाईल.

‘रमजानमध्ये मशिदीपासून लांब राहायचं?’ ही रुखरुख अनेकांना लागते. तिचं उत्तर धर्मानंच दिलेलं आहे. कुराणातल्या ‘अल-बकरा’ सूरहची १८५ वी आयत आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत देते. हनफी मतानुसार साधारण ७७ किलोमीटरपलीकडे निघालेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असलेला माणूस मुसाफिर ठरतो. त्याच्या चार रकअतींच्या फर्ज नमाजाच्या दोनच होतात. लासूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याला ही सवलत नाही, मुंबईला जाणाऱ्याला आहे. उपचार महिनाभर चालणार असतील, तर सोबतच्या धडधाकट मुलाला रोजे ठेवावे लागतील. आजारी अम्मींची सवलत मात्र कायम राहते. ज्या धर्मानं मुसाफिराची नमाजही हलकी केली, तो त्याला मशिदीजवळच खोली घे म्हणून अडवणार नाही.

मुसाफिराची काळजी एवढ्यावर संपत नाही. कुराणात जकात कुणाला द्यावी याचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांतला एक मुसाफिर. गावी घरदार असलेला, पण परक्या शहरात हात रिकामे झालेला माणूसही त्यात येतो. आपल्या संभाजीनगरात पाणचक्की पाहायला सगळेच जातात. ती ज्या दर्ग्याच्या आवारात आहे, तो बाबा शाह मुसाफिर यांचा. तिथे येणाऱ्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीचं पीठ त्या चक्कीवर दळलं जायचं.

लासूरमध्ये जकातीचा हिशेब याच महिन्यात होतो. गल्लीतलं कोण उपचारांसाठी मुंबईला गेलंय, याची चौकशी त्या हिशेबाआधी करायला हवी. परळच्या खोलीचं एका आठवड्याचं भाडं कुणीतरी भरलं, तर अम्मींना रोज लोकलची गर्दी सोसावी लागणार नाही.