स्फुरद खत : जशी जमीन, तशी गोणी

मृग जवळ आला की आपल्या तुयें परिसरात खताच्या गोण्यांची चौकशी सुरू होते. आम्ही पडलो बँकवाले, त्यामुळे आम्हाला आधी हिशोब दिसतो.

५० किलोच्या डीएपीच्या गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. तेवढ्याच सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद फक्त ८ किलो, म्हणजे डीएपीच्या एका गोणीला सुपरच्या साधारण ३ गोण्या लागतात. मात्र सुपरमधून गंधक आणि कॅल्शियमही मिळते. तिसरे रॉक फॉस्फेट, म्हणजे खाणीतल्या दगडाची भुकटी. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याला त्याची मोठी खाण आहे. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, तिला आम्ल लागते. कारखान्यात याच दगडावर गंधकाम्ल घालून सुपर तयार करतात.

आता आपली माती बघू. मुसळधार पावसाने जांभ्या जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. तिच्यातले लोह व ॲल्युमिनियम विरघळलेल्या स्फुरदाला धरून ठेवतात. म्हणून डोंगरावर नुसते फेकलेले महागडे खत झाडाला थोडेच मिळते. उलट, रॉक फॉस्फेट हीच आंबट माती हळूहळू विरघळवते. काजू आणि माडांच्या आळ्यात ते शेणखताबरोबर मातीत मिसळावे. ही मुदत ठेव आहे. फळ सावकाश मिळते.

हिवाळी मिरची किंवा भाजी काही महिन्यांचीच. तिला थांबायला वेळ नसतो. तिथे सुपर किंवा डीएपीच, तेही मुळांजवळ ओळीत द्यावे.

भातशेतीची गोष्ट वेगळी. पाणी साचले की लोहाने धरलेले स्फुरद काही प्रमाणात मोकळे होते आणि मातीचा आंबटपणाही उतरतो. तेव्हा तिथे रॉक फॉस्फेटचा भरवसा धरू नये, आणि सुपर-डीएपीची मात्राही तपासणीशिवाय वाढवू नये.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. चुना आणि रॉक फॉस्फेट एकदम घालू नये. चुन्याने आंबटपणा गेला की दगड तसाच पडून राहतो. आणि घाटावरच्या पाहुण्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. त्यांच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत रॉक फॉस्फेट जवळजवळ निरुपयोगी ठरते.

तेव्हा सभासदांनी गोणी घेण्याआधी पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात माती परीक्षणाची चौकशी करावी. अहवालात सामू साडेपाचच्या खाली असेल तर बागायतीसाठी रॉक फॉस्फेटचा विचार जरूर करावा. पासबुक बघितल्याशिवाय आपण चेक फाडत नाही, तसेच हे.