एक्सेलने गिळलेले शून्य

कांद्याचा एचएसएन कोड 0703. मालाची यादी एक्सेलमध्ये भरताना तो अगदी बरोबर टाइप केला, तरी एन्टर दाबताच सेलमध्ये 703 उरते. एक्सेल त्याला संख्या समजते आणि संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची पाइपाचा साइज 3/4 असा लिहिला, की त्याची 3 एप्रिल होते. 91 जोडलेला बारा अंकी मोबाइल क्रमांक 9.19823E+11 असा दिसू लागतो आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर तेवढेच अंक फाइलमध्ये उतरतात, उरलेले कायमचे जातात. मग ही यादी धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायला घेतली, की ओळीमागून ओळ नाकारली जाते. वैतागलेला माणूस म्हणतो, ‘एक्सेलमध्ये तर सगळं नीट दिसत होतं!’ त्याचा वैताग खरा आहे, पण राग चुकीच्या जागी निघतो. नाकारलेली ओळ निदान डोळ्यांसमोर येते. जी चुकीची ओळ निमूट आत जाते, तिची मला जास्त भीती वाटते.

तारखांचेच पाहा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. संगणकाचे सेटिंग अमेरिकी राहिले असेल, तर 03/04/2024 ही तारीख 4 मार्च म्हणून नोंदली जाते. 13/04/2024 मात्र तशी वाचता येत नाही, कारण तेरावा महिनाच नाही; म्हणून एक्सेल तिला साधा मजकूर समजून सोडून देते. इम्पोर्टच्या वेळी एरर येतो तो तेरा तारखेपासून पुढच्या बिलांवर, आणि तेवढीच आपण दुरुस्त करतो. पहिल्या बारा दिवसांची बिले तोवर विनातक्रार आत गेलेली असतात (त्यातली 4 एप्रिल तेवढी वाचते). 3 एप्रिलचे बिल 4 मार्चला जाऊन बसले, म्हणजे ते मागच्या आर्थिक वर्षात गेले. आता जीएसटीचे विवरण आणि ताळेबंद दोन्ही चुकणार, आणि स्क्रीनवर कुठेही लाल अक्षर नाही.

याचे मूळ दोन साधनांच्या स्वभावात आहे. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क आले, तेव्हापासून स्प्रेडशीट म्हणजे आपोआप बेरीज करणारा कागद. त्यावर काहीही कुठेही लिहावे, अर्थ वाचणाऱ्याने लावावा. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या ज्या कल्पनेवर आजचे बहुतेक व्यावसायिक डेटाबेस उभे आहेत, तिची अट उलटी: या कॉलममध्ये तारीख येणार की कोड, हे आधी ठरवा. डोळा जे चालवून घेतो, ते डेटाबेस घेत नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या अक्षरक्रमांनी टाइप होते. दिसायला सगळी एकसारखी, पण डेटाबेसला ती निरनिराळी गावे वाटू शकतात.

छोट्या दुकानदाराला हे सोपस्कार परवडणार कसे, असे कोणी विचारील. पण गाफीलपणा मोठ्यांनाही महाग पडला आहे. 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या. तिची मर्यादा 65,536 ओळींची. त्यापुढच्या ओळी गळाल्या आणि 15,841 बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोधही त्यामुळे लांबला. जनुकशास्त्रज्ञांनी तर सेप्ट1 सारख्या जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल त्यांची तारीख करत असे. दुसरा आक्षेप असा, की 2023 पासून एक्सेलमध्येच हे आपोआप होणारे बदल थांबवण्याची सोय आहे. आहे खरी, पण ती ज्याला त्याला आपल्या संगणकावर सुरू करावी लागते आणि गेलेले शून्य तिने परत येत नाही.

कोड आणि फोन क्रमांकांचे कॉलम भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवणे आणि तारखेत महिना अक्षरांत लिहिणे, हे काही मिनिटांचे काम आहे. इम्पोर्टनंतर नुसती एकूण बेरीज ताडून भागत नाही. तारखा उलटल्या तरी ती जुळतेच. ओळींची संख्या मोजावी, विक्रीची बेरीज महिनावार काढावी, आणि मार्च-एप्रिलचे आकडे जुन्या शीटशी पैशापैशाने जुळेपर्यंत ती शीट डिलीट करू नये.