कातळातली काच

लवासाला जाताना डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडेला बेसॉल्टचा काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या कातळाचा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून उसळला, त्याच्यावर आज हिंदी महासागरातलं रेयुनियाँ बेट उभं आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. त्याच कुळातल्या कातळात, बुलढाण्याच्या लोणारला, १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि तळाशी खारं तळं दिसल्यावर कोण काय म्हणणार? ज्वालामुखीचं मुख! (गावाचं उत्तर वेगळं: विष्णूने लवणासुराला मारलं ती ही जागा.)

१८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. त्यानंतर शतकभर विद्वानांचा कौल ज्वालामुखीलाच होता. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्टला लोणार आणि ॲरिझोनाचं विवर सारखं वाटलं, पण ॲरिझोनाचं विवरही वाफेच्या स्फोटाने झालं असं त्याचं मत. साम्य अचूक हेरलं, निष्कर्ष मात्र हुकला.

१९६० मध्ये ॲरिझोनात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्‌झपासून हे खनिज बनतं, म्हणजे तिथे अशनी आदळल्याचा पुरावा मिळाला. मग लोणारलाही तेच शोधायचं? इथेच खरी अडचण होती. कोएसाइट व्हायला आधी क्वार्ट्‌झ हवं, आणि बेसॉल्टमध्ये ते जवळजवळ नसतंच. जो साक्षीदार इथे कधी नव्हताच, त्याची वाट पाहून काय उपयोग!

दुसरा साक्षीदार तळ्याच्या गाळाखाली होता. तिथे छिद्रं पाडून चुरडलेल्या कातळाचे नमुने काढले गेले. त्यांत फेल्डस्पार या खनिजाचे कण होते, आकार जसाच्या तसा, पण आतून निव्वळ काच. वितळून झालेल्या काचेत कणाचा आकार टिकत नाही. ही काच झाली होती एका क्षणाच्या धक्क्याने, आणि एवढा दाब कुठलाच ज्वालामुखी देत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल जाहीर केला: लोणार हे अशनीपाताचं विवर.

या काचेचं नाव मॅस्केलिनाइट. शास्त्रज्ञांनी ती पहिल्यांदा ओळखली होती १८७२ मध्ये, बिहारात शेरघाटीजवळ पडलेल्या अशनीत. तो दगड मुळात मंगळावरचा!

आघात कधी झाला, यावर मात्र एकमत नाही. एका पद्धतीने वय निघतं सुमारे ५२ हजार वर्षं, तर २०११ च्या आरगॉन-मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार.