हौदा, कुस्तीचा

कुस्ती लढण्यासाठी जमीन उकरून व तीत चाळलेली, विशिष्ट द्रव्ये मिसळलेली माती भरून तयार केलेली जागा. ‘आखाडा’ या शब्दाने पुष्कळदा संपूर्ण व्यायामस्थळाचा बोध होतो; ‘हौदा’ ही संज्ञा मात्र प्रत्यक्ष लढतीच्या जागेस लावतात. तालमीतील हौदा रोजच्या सरावाचा, तर मैदानातील हौदा इनामाच्या जाहीर कुस्त्यांचा असतो. दोहोंतही माती ही केवळ आधारभूमी नसते. पायांना मिळणारा रोध, पडताना बसणारा धक्का, घामेजलेल्या अंगावर हाताची पकड आणि डावाचा वेग या गोष्टी मातीच्या प्रतीवर अवलंबून असतात. त्यामुळे मातीची निवड व मशागत हा मल्लविद्येचाच एक भाग मानला जातो.

महाराष्ट्रात या परंपरेचे प्रमुख केंद्र कोल्हापूर हे होय. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लविद्येस राजाश्रय दिला. १९०२ मधील यूरोपच्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार पाहिले. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारण्यात येऊन ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा व सभोवती चढत्या उंचीची बैठक अशी त्याची रचना असल्याने कोणत्याही बाजूच्या प्रेक्षकाला लढत स्पष्ट दिसते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी इ. तालमींनी मातीवरील सरावाची ही परंपरा पुढे चालविली.

मातीची निवड : हौद्यासाठी तांबडी माती श्रेष्ठ समजतात. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. ती ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की तिला भेगा पडून कठीण ढेकळे बनतात. तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे असून ती तुलनेने कमी फुगते व उकरल्यावर मोकळी राहते. नुसती वाळू मात्र त्याज्य होय. ती पायाखालून सरकते व कातडी सोलवटते. निवडलेली माती उन्हात वाळवून बारीक चाळतात. खडे, काचा, काटे व मुळ्या यांपैकी एखादी वस्तू राहिली, तरी गंभीर इजा होऊ शकते. म्हणून या कामात हयगय चालत नाही.

सिद्धता : चाळलेल्या मातीत ताक, गोडे तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर व काव ही द्रव्ये मिसळण्याची प्रथा आहे. त्यांचे प्रमाण तालमीगणिक बदलते व ते वस्तादांच्या अनुभवावर ठरते. तेलामुळे धुरळा बसतो व माती लवकर कोरडी पडत नाही. ताकामुळे तिला ओलावा मिळतो. कावेने रंग खुलतो. कापराने दुर्गंधी कमी होते. मिश्रण खोऱ्याने वरखाली करून काही काळ मुरू देतात. यापुढे हौद्याची निगा रोज राखावी लागते. सरावापूर्वी मल्ल स्वतःच हौदा उकरतात. हे काम खांदे, पाठ व कंबर यांस उत्तम व्यायाम देणारे असल्याने ते मेहनतीतच मोडते. त्यानंतर माती सारखी करून आवश्यक तेवढे पाणी शिंपडतात. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा, परंतु तो खाली टाकताच फुटावा, इतपत ओलावा योग्य होय. ओलावा कमी असल्यास धूळ डोळ्यांत व नाकात जाते. अधिक असल्यास पाय रुततो आणि अचानक वळताना गुडघा व घोटा यांवर ताण येतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत माती सुकत नाही, म्हणून ती वरचेवर उकरून हवेशीर ठेवणे विशेष महत्त्वाचे ठरते.

लढतीपूर्वी मल्ल माती हातांत घेऊन स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतात. या रीतीत आदरभाव आहे, तसाच व्यवहारही आहे. कोरडी माती घाम शोषते व निसरडेपणाचा लाभ कोणा एकास मिळत नाही.

आरोग्य : हळद, ताक इ. द्रव्यांमुळे माती निर्जंतुक होते, हा समज पूर्णतः खरा नाही. हळदीत जंतुरोधक गुण असले, तरी धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके त्यामुळे नष्ट होत नाहीत. ती मातीत दीर्घकाळ टिकतात व जखमेवाटे शरीरात शिरू शकतात. गजकर्णासारखे त्वचारोगही अंगाच्या निकट स्पर्शाने पसरतात. म्हणून धनुर्वाताची लस वेळेवर घेणे, उघडी जखम किंवा त्वचारोग असलेल्यास हौद्यात न उतरविणे आणि सरावानंतर लगेच स्नान करणे हे उपाय मातीच्या मशागतीइतकेच आवश्यक होत.

माती व गादी : आंतरराष्ट्रीय स्पर्धा गादीवर होतात व तेथील लढतीचे क्षेत्र ९ मी. व्यासाचे वर्तुळ असते. मातीत पाय किंचित रुतत असल्याने ताकद, दम व पकड यांना महत्त्व येते. प्रतिस्पर्ध्यास चीत करून कुस्ती निकाली करणे हे पारंपरिक मैदानाचे उद्दिष्ट असते. गादीवर मल्ल विशिष्ट बूट घालतात. तेथे हालचाल वेगवान होते, पायांवरील चढाईस वाव मिळतो आणि ठराविक वेळात गुण मिळविणे निर्णायक ठरते. गादी जंतुनाशकाने पुसता येते, हा तिचा आणखी एक लाभ. मातीत घडलेला मल्ल गादीवर यश मिळवू शकतो, हे खाशाबा जाधव यांनी दाखवून दिले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावा क्रमांक मिळाला व १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक पटकाविले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत गणपतराव आंदळकर व मारुती माने यांनी सुवर्णपदके जिंकली. तथापि दोन्ही पृष्ठभागांवरील तंत्र भिन्न असल्याने केवळ एकावरील सराव दुसऱ्यास पुरा पडत नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे स्वतंत्र विभाग ठेवून त्यांतील विजेत्यांची अंतिम लढत लावण्याची पद्धत रूढ झाली, ती याच भेदामुळे. गादीचा प्रसार झाल्यानंतरही गावोगावच्या जत्रांतील मैदाने मातीवरच भरतात. तेथे चांगला हौदा तयार करणे ही मल्लांच्या सुरक्षिततेची आणि लढतीच्या निःपक्षपातीपणाची पहिली अट असते.